गाडी मागे नको, पुढे असू द्या

प्रश्न : लातूरहून एका ४७ वर्षांच्या वाचकांनी लिहिलं आहे. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. दोन वर्षांपासून ते नियमित सायकल चालवतात, २०० किलोमीटरच्या दोन बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) वेळेत पूर्ण केल्या आहेत. सायकल आठ गिअरची हायब्रिड. जानेवारीत लातूर ते कन्याकुमारी बारा दिवसांत करायचं त्यांच्या मनात आहे. दुकान भाऊ २३ दिवस सांभाळणार आहे. पत्नी म्हणते, "एकट्यानं जायचं नाही. मी आणि पोरगा गाडी घेऊन मागून येतो." मुलगा २० वर्षांचा आहे आणि गाडी चालवतो. पत्नीलाही चालवता येते, पण गावाबाहेर सवय नाही. सायकलच्या ग्रुपमधले मित्र म्हणतात, घरची गाडी मागे असेल तर तो प्रवास तुमचा कसला? घरी ७४ वर्षांची आई आहे, पूर्वी आषाढीची पायी वारी करायची, आता गुडघ्यांनी बसवलं. वाचक विचारतात : "एकटा जाऊ की घरच्यांना नेऊ? नेलं तर त्याला माझी सायकलसफर म्हणता येईल का?"

उत्तर :

तुमचं पत्र तीन पानांचं आहे. त्यात टायरचा आकार आहे, रोजचे किलोमीटर आहेत, सरासरी वेग आहे. पण सकाळी साडेसहाला तुम्ही पायडल मारल्यापासून दुपारी मुक्कामावर पोचेपर्यंत तुमची पत्नी आणि मुलगा काय करणार, यावर एकही ओळ नाही. एकटं की घरच्यांसोबत, या प्रश्नाआधी मला हा प्रश्न मोठा वाटतो. घरच्यांच्या साथीनं निघालेल्या सफरी बिघडतात त्या बहुधा इथूनच. सायकलवाला थकतो, पण त्याच्यासमोर रोज एक काम असतं. गाडीतली माणसं चौथ्या दिवशी कंटाळतात, सहाव्या दिवशी चिडतात, आणि मग जेवणाच्या ताटावर सगळ्यांचा प्रवास खराब होतो.

आधी मित्रांचं म्हणणं घेऊ. ते पूर्ण चूक नाहीत, पण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतायत. तुम्ही बीआरएम केली आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि बाहेरची मदत फक्त ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर, अधेमधे घेतली तर बाद, हा त्या खेळाचा नियम तुम्हाला पाठ आहे. दुसरीकडे रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकलशर्यत घ्या. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि तिथे सोबतच्या पथकाशिवाय उतरताच येत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ती पूर्ण केली, तेव्हाही पथक होतंच. म्हणजे साथ घेतली म्हणून प्रवास खोटा ठरत नाही. तुम्ही कोणता प्रकार करताय ते स्वतःशी आणि लोकांशी सरळ सांगा, एवढंच. "घरच्यांच्या साथीनं लातूर ते कन्याकुमारी" असं म्हणा, विषय संपला.

आणि हे समजायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आईंना विचारा. दिंडीचा ट्रक वारकऱ्यांच्या मागे मागे रांगत नाही. माणसं पहाटे चालायला लागली की सामान भरून तो पुढे निघतो, मुक्कामाला पोचतो, राहुट्या उभ्या राहतात, चूल पेटते. ट्रकनं सामान नेलं म्हणून आईंची वारी पायी झाली नाही असं आजवर कुणी म्हटलं नसेल. तुमच्या घरात ही व्यवस्था मुरलेली आहे, फक्त ती सायकलला लावायची आहे.

"मागून येतो" हा पत्नीचा शब्द काळजीतून आला आहे, पण महामार्गावर तोच सगळ्यात धोक्याचा. तुम्ही ताशी २० नं चाललात आणि गाडीही तुमच्या मागे २० नं चालली, तर ८० च्या वेगानं येणाऱ्या ट्रकसाठी ती जवळजवळ उभी वस्तू आहे. दोघांच्या वेगातला फरक ६० चा, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. शंभर मीटरचं अंतर सहा सेकंदांत संपतं. ड्रायव्हरला लांबून कार दिसते, ती चालत्या वेगानं चाललीय असंच तो धरतो, आणि ती रांगतेय हे कळेपर्यंत ब्रेकला जागा उरत नाही. तो वाचवून बाहेरून निघालाच, तरी कारच्या पुढे लगेच आत वळतो, आणि तिथे कारच्या आड झाकलेले तुम्ही असता. म्हणजे राखणीला ठेवलेली गाडी तुम्हाला मागच्या वाहनांपासून लपवते. परदेशातल्या शर्यतींत रात्री गाडी मागे ठेवतात ते त्यांच्या नियमांनी आणि दिव्यांच्या व्यवस्थेनं. ते आपल्या रस्त्यावर आणू नका.

मग गाडीनं काय करायचं? ९५ किलोमीटरचा एक दिवस धरून सांगतो. तुम्ही साडेसहाला, उजाडताना निघा. पत्नी आणि मुलानं उठायची घाई करायची नाही. आंघोळ, चहा, सामान, खोली सोडणं हे सगळं आटपून त्यांनी साडेसातला निघावं. ते वाटेत तुम्हाला ओलांडतील आणि चाळिसाव्या किलोमीटरच्या आसपास ठरलेल्या ठिकाणी थांबतील. ही न्याहारीची जागा. दुसरी भेट ६५ ते ७० च्या दरम्यान. तिथून गाडी सरळ मुक्कामाच्या गावी जाते आणि खोली घेते. दिवसात दोनच भेटी. दर दहा किलोमीटरला थांबून पाणी देत बसलं तर तुमची लय तुटते आणि त्यांचा दिवस रस्त्याकडेच्या धुळीत जातो.

थांबायची जागा पेट्रोल पंप किंवा ढाबा, तोही तुमच्याच बाजूचा. चौपदरी रस्त्यावर उजवीकडचा ढाबा कितीही चांगला असला तरी दुभाजक ओलांडून जाणं नाही. गाडी कडेच्या पट्ट्यावर उभी करायची नाही, पूर्ण आत घ्यायची.

यातून एक गोष्ट ओघानं येते. पहिले ४० किलोमीटर, म्हणजे दोन तास, तुम्ही आपल्या बळावर आहात. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या, दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर, पॅच, छोटा पंप आणि मल्टिटूल सायकलवरच हवं. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं, गाडीला फोन नाही. मित्रांच्या आक्षेपाला यापेक्षा वेगळं उत्तर द्यायची गरज पडणार नाही.

रोज निघताना व्हॉट्सअॅपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन सुरू करा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. नियम साधा असावा : ठरलेल्या वेळेपेक्षा ४५ मिनिटं उशीर झाला आणि फोन लागत नाही, तर गाडी मागे फिरेल. चौपदरी रस्त्यावर मागे फिरलेली गाडी पलीकडच्या बाजूनं जाते, तिथून तुम्ही दिसालच असं नाही. म्हणून दर अर्ध्या तासानं किलोमीटरचा दगड पाहायची सवय लावा आणि फोन लागला की जागा त्या आकड्यानं सांगा. महामार्गाची मदत १०३३, रुग्णवाहिका १०८, आणि कुठल्याही आणीबाणीला ११२. हे तीन नंबर गाडीच्या डॅशबोर्डवर कागदावर लिहून चिकटवा.

आता तुमचे बारा दिवस. निलंगा, भालकी, बीदर, जहीराबादमार्गे, हैदराबाद आणि बंगळूरु टाळून धरलं तर अंतर सुमारे १,५०० ते १,५५० किलोमीटर होतं. बारा दिवसांत म्हणजे रोज सव्वाशेच्या वर, एकही विश्रांती नाही. २०० ची बीआरएम झाली म्हणजे १२५ रोज जमेल हे गृहीत कच्चं आहे. एका दिवसाचे २०० काढून माणूस दुसऱ्या दिवशी झोपतो. इथे चौथ्या दिवशी गुडघा बोलतो, पाचव्या दिवशी बैठक सोलवटते. हाताशी २३ दिवस असताना बाराचा हट्ट कशासाठी? १६ दिवस सायकल, दोन दिवस विश्रांती, तीन दिवस परतीचे. उरलेले दोन दिवस आजारपणासाठी आणि मोडतोडीसाठी राखून ठेवा, आधीच कुठे फिरायला वाटून टाकू नका.

संक्रांत घरी करून १६ जानेवारीला निघा. संक्रांतीच्याच सुमाराला तामिळनाडूत पोंगलच्या सलग सुट्ट्या असतात. तेव्हा रस्ते आणि लॉज दोन्ही भरलेले असतात, तुम्ही तिथे पोचेपर्यंत ते ओसरेल. ईशान्य मोसमी पाऊस तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, तोही संपलेला असेल. वारा या दिवसांत बहुतेक पूर्व-ईशान्येकडून असतो, म्हणजे दक्षिणेला जाताना पाठीमागून डावीकडून. फक्त तैपूसम या मुरुगनाच्या उत्सवाची तारीख पंचांगात पाहून ठेवा, ती दरवर्षी बदलते. त्या दिवसांत पळणीला पायी जाणाऱ्या भाविकांची दिंडिगलकडच्या रस्त्यांवर गर्दी असते आणि खोल्या मिळत नाहीत.

पहिल्या दिवसाचा धोका आपल्याच भागातला आहे. जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या पहाटेच्या अंधारात कारखान्याकडे निघालेल्या असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर आलेला. म्हणून उजाडायच्या आत निघू नका. ट्रॉलीला ओलांडताना मागचं पाहिल्याशिवाय बाहेर येऊ नका, हँडलला आरसा लावून घ्या. मागचा लुकलुकता दिवा दिवसाही चालू ठेवा.

पहिला मुक्काम बीदर. अंतर सव्वाशेच्या आसपास, सगळ्यात ताज्या पायांचा दिवस म्हणून चालेल. दुसरा संगारेड्डी, सुमारे ८५. तिथून हैदराबादच्या आउटर रिंग रोडचा मोह नको, त्याच्या मुख्य रस्त्यावर दुचाकींना बंदी आहे. शंकरपल्ली, चेवेल्ला, शाबादमार्गे शादनगर गाठा, रस्ता लहान पण शहर टळतं. चौथा मुक्काम कोत्तकोटा-पेब्बैरच्या पट्ट्यात. इथे लॉज मोजके, आधी फोन करून ठरवा. पाचव्या दिवशी कृष्णा ओलांडून, मग तुंगभद्रा ओलांडून कर्नूल. सहाव्या दिवशी तिथेच विश्रांती. पुढे गुत्ती, पेनुकोंडा, चिक्कबल्लापूर, आणि देवनहळ्ळी-होसकोटेवरून बंगळूरुला पूर्वेकडून वळसा घालून होसूर. गुत्ती ते पेनुकोंडा सव्वाशेच्या घरात जातं. पाय जड असतील तर अनंतपूरला थांबा, राखीव दिवसांतला एक तिथे वापरला तरी चालेल. अनंतपूरची उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास आणि बंगळूरुची ९००. हा चढ डोळ्यांना घाटासारखा दिसत नाही, दोन दिवसांत पसरलेला आहे. म्हणून "आज पाय का चालत नाहीत" असं वाटायला लागतं आणि माणूस मोठा गिअर रेटत बसतो. एक गिअर खाली घ्या, पायडलच्या मिनिटाला ७५ ते ८५ फेऱ्या टिकवा, वेग १६ वर आला तरी येऊ द्या.

होसूरनंतर धर्मपुरी, नामक्कल, दिंडिगल, मदुराई. धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूरचा घाट आहे. दक्षिणेला जाताना तो उतार आहे आणि अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. ब्रेक तापलेले ट्रक मागे असतात. इथे गाडीनं घाटाच्या वर थांबायचं आणि तुम्ही उतरल्यावर निघायचं. तुम्ही ब्रेक सलग दाबून धरू नका. दोन्ही दाबून वेग पाडायचा, सोडायचं, पुन्हा दाबायचं. मनाला धाकधूक वाटली तर तेवढा घाट गाडीतून उतरा, पण त्याबद्दल पुढे सांगतो तो नियम पाळा. मदुराईला दुसरी विश्रांती, मग कोविलपट्टी, तिरुनेलवेली आणि शेवटचे ८५ किलोमीटर. तिरुनेलवेलीच्या पुढे पवनचक्क्या दिसायला लागतात. तिथे कडेचा वारा अचानक ढकलतो, ट्रक शेजारून गेला की क्षणभर वारा तुटतो आणि पुन्हा धक्का बसतो. हँडल सैल पण दोन्ही हातांनी धरा.

तो नियम असा. काही कारणानं गाडीत बसावं लागलं, तर बसलात त्या दगडाचा आकडा लिहून ठेवा आणि पुन्हा त्याच दगडापासून सुरू करा. शहर किंवा घाट वगळायचा असेल तर ते निघायच्या आधी घरात ठरवा आणि नंतर सांगतानाही सांगा. दमलेल्या माणसाला रस्त्यावर या गोष्टीचा निवाडा करू देऊ नये.

आता घरच्यांचा दिवस. हे वरवरचं समजू नका, मार्गाइतकंच नेमकं आखा. बीदरला किल्ला आणि महमूद गवानचा १४७२ चा मदरसा आहे. कर्नूलच्या अलीकडे आलमपूरची चालुक्यकालीन नवब्रह्म मंदिरं, तो विश्रांतीचा दिवस तिघांनी मिळून घालवा. पेनुकोंडा ते चिक्कबल्लापूरच्या टप्प्यात थोडी वाट वाकडी केली की लेपाक्षी. नामक्कलला उघड्या आकाशाखालचा उंच हनुमान, मदुराईला मीनाक्षी मंदिर. तिकडची देवळं दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास बंद होतात आणि चार-साडेचारला उघडतात, हे न कळल्यानं बंद दारातून परतावं लागतं. म्हणून ज्या दिवशी पाहायचं आहे त्या दिवशी त्यांना दुसऱ्या भेटीतून मोकळं करा. "मी ढाब्यावर खाऊन घेतो, तुम्ही लेपाक्षी करून या" हे वाक्य तुमच्या तोंडून यायला हवं. त्यांनी मागायची वाट पाहू नका.

स्वयंपाकाचंही स्पष्ट लिहितो. गाडीत स्टोव्ह-सिलिंडर घेऊन पत्नीनं रोज रांधायचं असेल, तर ती लातूरचं स्वयंपाकघर सोडून रस्त्यावरच्या स्वयंपाकघरात आली, एवढाच तिच्यासाठी फरक. ते करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून घ्या, ते टिकतं. पुढे इडली, उपमा, दहीभात जागोजाग मिळतो आणि सायकलवाल्याच्या पोटाला तो उत्तम.

गाडीत दोन चालक हवेत, दोघांचंही लायसन्स सोबत हवं. रोजचं अंतर शंभरच असलं तरी एकट्या मुलावर अठरा दिवस आणि वर परतीचे तीन दिवस टाकू नका. आजपासून दर रविवारी पत्नीनं औसा, निलंगा, तुळजापूर या रस्त्यांवर गाडी चालवावी. मुलाच्या परीक्षेचं वेळापत्रक आधी पाहा. ती जानेवारीत येत असेल तर त्याच्याऐवजी दुसरा चालक शोधायचा, परीक्षा पुढे ढकलायची नाही. अर्ध्यावर माणूस बदलायचं झालं तर बंगळूरुतल्या यशवंतपूरहून लातूरला थेट रेल्वे आहे, ती रोज नसते एवढं पाहून तिकीट काढा. इंधनासाठी जाऊन-येऊन आणि इकडेतिकडे मिळून साडेतीन हजार किलोमीटर धरा. गाडी लिटरला १५ देत असेल तर २३३ लिटर. टोल आणि २० ते २२ रात्रींच्या खोल्या वेगळ्या.

आणि आईंचं काय? साथ म्हणजे गाडीत बसलेली माणसं एवढीच नाहीत. २३ दिवस त्यांच्याजवळ कोण झोपणार, औषधं कोण देणार, हे तारीख ठरायच्या आधी ठरलं पाहिजे. बहीण किंवा भावजय येणार असेल तर "बघू" असं उत्तर चालणार नाही, तारखांसह हो घ्या. पत्नीच्या मनात ही चिंता शिल्लक राहिली तर ती कर्नूलला असेल आणि लक्ष लातूरला.

सायकलबद्दल तुम्ही नवी घ्यावी का विचारलंय. गरज नाही. आठ गिअरची हायब्रिड पुरते, तिचे भाग वाटेत मिळायची शक्यताही जास्त. निघायच्या तीन आठवडे आधी चेन मोजून घ्या. ती ०.७५ टक्के लांबली असेल तर बदला, मागची दातेरी चाकंही घसरत असतील तर तीही. पण हे आदल्या दिवशी करू नका, नवे भाग बसायला दोनशे किलोमीटर लागतात. मागच्या चाकाच्या आऱ्यांचा ताण जाणकाराकडून सारखा करून घ्या. आरा तुटतो तो बहुधा मागच्या चाकाच्या चेनकडच्या बाजूचा, कारण तिथला ताण सर्वांत जास्त. दोन्ही बाजूंच्या आऱ्यांची लांबी वेगळी असते, म्हणून दोन्हींचे तीन-तीन आरे निपलसह (आरा रिमला धरणारी छोटी नळी) गाडीत ठेवा. एक टायर, सहा ट्यूब, ब्रेक पॅडचे दोन जोड, ब्रेकची आणि गिअरची एकेक केबल, आठ गिअरच्या चेनची जोडकडी, चेन तोडायचं हत्यार, तेल, आणि गेज असलेला मोठा पंप हेही गाडीत. आणि एक छोटी वस्तू लोक हमखास विसरतात : मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, जिथे बसतो तो हँगर. सायकल आडवी पडली की तो वाकतो किंवा तुटतो, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, आणि गुत्तीत किंवा कोविलपट्टीत तो मिळणार नाही. तुमच्या सायकलला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अॅडॉप्टर दोन घ्या, तेवढ्यानं पंक्चरवाल्याच्या पंपावर भागतं.

आपल्याकडे पंक्चर वेड्या बाभळीच्या काट्यानं, महामार्गावर फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारेनं. ही तार केसासारखी असते. ट्यूब बदलून माणूस पुढे जातो आणि दहा मिनिटांत पुन्हा बसतो, कारण तार टायरमध्येच राहिलेली असते. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवा, अडकेल तिथे तार आहे. सत्तर किलोच्या माणसाला ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ६० ते ६५ पीएसआय हवा पुरे, टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत.

सीटची उंची तपासा : पायडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर तो थोडा वाकतो, तेवढाच हवा. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे किंवा जड गिअर रेटताय, मागून दुखला तर सीट वर आहे. एका वेळी चार-पाच मिलिमीटरच बदला. पॅडच्या चड्ड्या तीन, आत दुसरं काही घालायचं नाही, मुक्कामाला पोचताच पाच मिनिटांत उतरवून धुवायची. ओल्या चड्डीत तासभर गप्पा मारल्या की दुसऱ्या दिवशी फोड.

खाणं भूक लागायच्या आधी. तासाला ४० ते ५० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन केळी, किंवा एक केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. घाम जास्त असेल त्या दिवशी ओआरएस. पुडी एक लिटरची असेल तर ती पूर्ण एका लिटरमध्येच घाला, पाऊण लिटरच्या बाटलीत ओतून दाट करू नका, पोट बिघडतं. नुसतं साधं पाणी तासन्‌तास ढोसणंही बरं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकं जड होतं, मळमळतं.

सत्तेचाळीसाव्या वर्षी निघायच्या दोन महिने आधी रक्तदाब, साखर, ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर ट्रेडमिलची तपासणी करून घ्या. आणि थांबवायचा अधिकार घरच्यांना लेखी द्या. छातीत दुखणं किंवा दाटणं, चक्कर, असंबद्ध बोलणं, ताप, डोक्यावर पडणं, सहा तास लघवी न होणं किंवा ती चहासारखी गडद होणं, यातलं काहीही झालं की सायकल थांबेल आणि तुम्ही वाद घालणार नाही. हे त्यांच्या हाती द्यायचं कारण असं की पाण्याअभावी किंवा उन्हानं आधी विचारशक्ती मंदावते. "मी ठीक आहे" हे त्या वेळचं तुमचं मत विश्वासाचं नसतं.

आता पहिलं काम. नोव्हेंबरमध्ये तीन दिवसांची तालीम घ्या, गाडीसह. लातूर ते तुळजापूर, दुसऱ्या दिवशी नळदुर्गवरून उमरगा, तिसऱ्या दिवशी औशावरून घरी. रोज ७० ते ८० किलोमीटर. तुम्ही तिन्ही दिवस आधी निघा, गाडी साडेसातला. दोनच भेटी, ४५ मिनिटांचा नियम, खोली घेणं, चड्ड्या धुणं, सगळं खरोखरच्यासारखं. दुसऱ्या दिवशी पत्नी आणि मुलानं नळदुर्गचा किल्ला पाहावा, तुम्ही तो न पाहता पुढे जा. गाडीच्या डिकीत काय सापडत नव्हतं, कुणाला कुठे किती वेळ नुसतं बसावं लागलं, हे पत्नीनं वहीत लिहावं. परत आल्यावर आधी ती वही वाचा, तुमच्या घड्याळातली सरासरी नंतर. आणि दोघांना वेगवेगळं विचारा : हे असं अठरा दिवस करायला आवडेल का? कुणी "तुमच्यासाठी येऊ" म्हणालं, तर ते अजून हो नाही. तेव्हा काय बदललं तर आवडेल ते विचारा, तेवढं बदला, आणि कन्याकुमारीची खोली ठरवण्याआधी आणखी एक तालीम घ्या.